रेंज नसलेली जागा

"तिथे मोबाइलला रेंज येते का?" नलिनी उकिडव्यांनी विचारलं.

मी माझं सगळ्यांत खात्रीचं हसू हसले. "मॅडम, अजिबात काळजी करू नका. रिसेप्शनपाशी दोन कांड्या मिळतात, आणि जीपने वरच्या टेकडीवर गेलं तर..."

"मग नको," त्या म्हणाल्या आणि समोरचं गुळगुळीत माहितीपत्रक मिटून माझ्याकडे सरकवलं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही पैसेवाल्या लोकांना आडरानातले आलिशान मुक्काम ठरवून द्यायचो. तंबूत पलंग, पलंगावर इजिप्तच्या सुताची चादर, तंबूमागे उघड्यावर न्हाणीघर आणि त्यात पितळी टब. पाहुण्याला जंगलात असल्यासारखं वाटलं पाहिजे, पण जंगलाने त्याला बोट लावता कामा नये, ही आमची कला. मी या कलेत वाकबगार समजले जात होते. मी स्वतः सांगलीत वाढले, आणि लहानपणी पाहिलेलं सगळ्यांत घनदाट अरण्य म्हणजे आमच्या मागच्या परसातली केळीची बाग, पण हे गिऱ्हाइकांना सांगायचं कारण नव्हतं.

नलिनीबाई कराडहून आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, नीटस, सुती साडी, आवाज बेताचा. यजमान डॉक्टर गजानन उकिडवे, लहान मुलांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. दोघांसाठी जागा हवी होती. किती महाग याची त्यांना फिकीर नव्हती. वाघ दिसेल की नाही, हेही त्यांनी विचारलं नाही. एकच अट.

"कुठेच रेंज नको. टेकडीवरसुद्धा नको. झाडावर चढलं तरी नको."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस. रात्री-अपरात्री फोन, सणावारी फोन, जेवताना फोन. बिचारीला नवरा एकदा तरी आख्खा हवा होता. मला भरून आलं. मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा.

"मॅडम, सरांना एकही फोन येणार नाही, ही माझी जबाबदारी."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "हो," म्हणाल्या, "तेच."

पुढचे काही आठवडे मी झपाटल्यासारखी कामाला लागले. सातपुड्यातल्या लॉजच्या मॅनेजरांना फोन करून मी विचारायची, "तुमच्याकडे रेंज नाही ना?" आणि ते बिचारे दिलगिरीच्या सुरात सांगायचे, "मॅडम, लवकरच येईल." मग मी त्यांचं नाव खोडायची. शेवटी दोन जागा सापडल्या. पहिली साजवन, एका दरीच्या तळाशी, जिथे बिनतारी संदेशसुद्धा धडपडत पोचायचा. दुसरी महुआ डोह, धरणाच्या पाण्याकाठी, जिथे होडीनेच जावं लागायचं. मुक्काम आधी साजवनला आणि मग डोहावर. शेवटच्या संध्याकाळी पाण्यातल्या वाळूच्या बेटावर कंदिलांच्या उजेडात दोघांचंच जेवण. त्या जेवणात मी इतका जीव ओतला होता की टेबलक्लॉथचा रंग तीनदा बदलला.

शिवाय मी स्वतःच्या डोक्याने आणखी एक गोष्ट केली. दोन्ही लॉजच्या सगळ्या नोकरवर्गाला बजावून ठेवलं, की पाहुणे डॉक्टर आहेत, पण त्यांना आराम हवाय. कुणीही त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचं नाही, 'उकिडवे सर' म्हणायचं. कुणीही खोकला, ताप, पोरांची दुखणी यांतलं अक्षर काढायचं नाही. काढलं तर मी आहे.

एवढं महागडं बुकिंग म्हणून मालकांनी पाहुण्यांसोबत मलाही पाठवलं.

डॉक्टर उकिडवे उंच, किंचित वाकलेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ निघाले. आवाज मोठा कारण कान कमी झाले होते. साजवनला उतरल्या उतरल्या त्यांनी शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, आकाशाकडे धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला आणि समाधानाने परत खिशात ठेवला.

"रेंज नाही!" त्यांनी जाहीर केलं.

"नाहीच," नलिनीबाई म्हणाल्या.

"लोकांची पंचाईत होणार बघ. शोधत बसतील तिकडे."

"बसू देत."

साजवनचे दिवस फार छान गेले. डॉक्टर सकाळी फिरायला जायचे, नाश्त्याला दोनदा पोहे मागायचे, मुंग्यांची वारुळं बघत बसायचे. दर जेवणाला त्यांचा हात एकदा खिशाकडे जायचा, मोबाइल बाहेर यायचा, आणि ते म्हणायचे, "रेंज नाही, म्हणून. नाहीतर आत्ता या वेळेला घास घेऊ दिला नसता कुणी." नलिनीबाई मान डोलवायच्या आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढायच्या. मी लांबून हे चित्र पाहायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

नोकरांनीही माझा हुकूम तंतोतंत पाळला. एकदा डॉक्टर स्वयंपाक्याला म्हणाले, "खोकला बरेच दिवस दिसतोय तुम्हाला? मी डॉक्टर आहे." स्वयंपाक्याने माझ्याकडे पाहिलं, खोकला गिळला आणि म्हणाला, "नहीं सर, मिर्ची लगी." आणि आत जाऊन पाठीमागच्या दाराशी पोटभर खोकला. जंगलाची माहिती सांगायला असलेला भानुप्रताप नावाचा तरुण नॅचरलिस्ट तर इतका पक्का की डॉक्टरांनी "घरी लहान मुलं आहेत का तुमच्या?" असं विचारताच त्याने त्यांना नीलकंठ पक्षी दाखवायला सुरुवात केली. एका वाक्यात तो तीन पक्ष्यांवर गेला.

डॉक्टर जरा हिरमुसल्यासारखे वाटले. मी म्हटलं, सवय आहे, मोडायला वेळ लागणारच.

मग भानुप्रतापला बरोबर घेऊन आम्ही महुआ डोहाला गेलो. होडी धक्क्याला लागली. मॅनेजर सक्सेना स्वतः हार घेऊन उभे होते. हार घालून झाल्यावर त्यांनी हात पसरून, एखादी मिठाई पुढे करावी तसं सांगितलं, "सर, आपके लिए खुशखबर. पिछले हफ्ते टॉवर लग गया. अब पूरा नेटवर्क है!"

पाण्यापलीकडच्या टेकडीवर लाल-पांढरा टॉवर उभा होता. मी नलिनीबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

डॉक्टरांनी मोबाइल बाहेर काढला. "पाच कांड्या!" ते म्हणाले. कौतुकाने की आणखी कशाने, ते कळलं नाही. खोलीवर जाईपर्यंत तो त्यांच्या हातातच होता.

मी सक्सेनांना बाजूला घेऊन बरंच बोलले. ते हबकून गेले. एवढ्या वर्षांत रेंज आल्याबद्दल त्यांना कुणी झापलं नव्हतं. "मॅडम, टॉवर मैं कैसे बंद करूँ?" ते म्हणाले.

आता फोनांचा पाऊस पडणार आणि माझी सगळी मेहनत वाहून जाणार, या धास्तीत मी तो दिवस काढला. पाऊस पडलाही, पण माझ्या फोनवर.

माझ्या भावाला, विक्रांतला, मुलगा झाला होता. तिसरा महिना चालू होता. आई सांगलीहून दिवसातून अनेकदा मला फोन करायची आणि मी बहुतेक वेळा कट करायची. साजवनला रेंज नव्हती त्याचं सुख, खरं सांगायचं तर, मलाही कमी नव्हतं. आता आईला मी सापडले होते.

"शलू, अगं बाळ कालपासनं थांबंनाच झालंय. पल्लवी पण रडाय लागलीय त्याच्यासंगं."

"आई, मी पाहुण्यांबरोबर आहे. नंतर करते."

"दवाखान्यात नेऊन आणलं. गॅसचं औषध दिलंय. तरी..."

"नंतर, आई."

पाहुण्यांसमोर घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत, हा कंपनीचा पहिला नियम. आणि हे पाहुणे तर आराम करायला आलेले लहान मुलांचे डॉक्टर. त्यांच्या कानावर बाळाचं रडं पडू नये म्हणून मी प्रत्येक वेळी फोन घेऊन पार मोहाच्या झाडांपर्यंत चालत जायची.

तेव्हा बरेचसे फोन एकाच सुरात वाजायचे. फोनच्या कंपनीने घालून दिलेली ट्यून बदलायची तसदी मी घेतली नव्हती, डॉक्टरांनीही नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाण्याकाठच्या लाकडी ओट्यावर बसलो असताना माझा फोन वाजला, तेव्हा डॉक्टरांचा हात झटकन खिशात गेला. फोन बाहेर आला. त्यांनी तो कानाला लावला, "हॅलो, डॉक्टर उकिडवे," म्हणाले, आणि मग पडदा पाहिला. काळा होता.

"तुमचा वाटतं," ते मला म्हणाले.

मी कट केला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा तेच. हात खिशात, फोन बाहेर. या वेळी त्यांनी तो कानाला न लावताच परत ठेवला. उठले, आणि "जरा पडतो" म्हणून खोलीकडे गेले.

नलिनीबाई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "शलाका, तुझा फोन आवाज न करणारा ठेवता येईल का?" त्या पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होत्या.

"सॉरी, काकू. सरांना त्रास झाला. त्यांना वाटलं, कुणा पेशंटचा..." मी म्हणाले. "पण एक बरं झालं. टॉवर असूनही कालपासून त्यांना एकही फोन आला नाही. नशीब म्हणायचं."

"नशीब?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पाण्याकडे तोंड वळवलं. पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती.

"त्यांना फोन येत नाही, शलाका. दवाखाना बंद केल्यापासून येतच नाही. पहिले दोन-तीन महिने यायचे, मग थांबले."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"एका बाळाच्या छातीतला आवाज त्यांना ऐकू आला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी धरला. बाळाला काही झालं नाही, पण यांनी त्याच आठवड्यात पाटी उतरवली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच." त्या शांतपणे सांगत होत्या. "आता गावात मोठं हॉस्पिटल झालंय. लोक तिकडे जातात, जाणारच. यांचे पेशंट मोठे झाले, नोकऱ्यांना लागले. घरी हे फोन मांडीवर घेऊन बसतात. घरच्या लँडलाइनवरून स्वतःच्याच मोबाइलला फोन लावून बघतात, बिघडला तर नाही ना म्हणून. मी स्वयंपाकघरात असले की लावतात. मला रिंग ऐकू येते. एकदाच वाजते आणि बंद होते."

"म्हणजे तुम्ही रेंज नको म्हणालात ते..."

"रेंज नसली की न वाजायला काहीतरी कारण असतं ना गं."

साजवनला उतरताच मोबाइल आकाशाकडे धरणारे डॉक्टर माझ्या डोळ्यांपुढे आले. आणि मिरची लागलेला स्वयंपाकीही आला. मी नोकरांना काय हुकूम दिला होता ते सांगितल्यावर नलिनीकाकूंनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, काय केलंस हे! मी म्हणतेय, या माणसांना झालंय तरी काय. साधी सर्दी नाही कुणाला!"

संध्याकाळी होडीतून फेरी होती. डॉक्टर, काकू, मी, भानुप्रताप आणि होडी चालवणारा. भानुप्रताप खाणाखुणा करत होता. त्या काठावर वाघिणीच्या पावलांचे ताजे ठसे मिळाले होते, आज नक्की दिसणार म्हणून. माझा फोन आवाज न करता खिशात थरथरायला लागला. आई. मी सवयीने कट करायला गेले. काकूंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

मी फोन घेतला. आई बोलतच नव्हती. मागे बाळाचं रडणं. साधं रडणं नव्हतं ते. एकसुरी किंचाळी, थांबून श्वास, पुन्हा किंचाळी. होडीत सगळ्यांना ऐकू जात होतं. डॉक्टर सोडून सगळ्यांना.

"केवढं आहे?" काकूंनी विचारलं.

"तिसरा महिना. भावाचं. कालपासून असंच. दवाखान्यात गॅसचं औषध..."

"आणि तू यांच्या शेजारी बसलीयस?" काकू म्हणाल्या. मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तान्ह्याचा फोन आहे."

डॉक्टर वळले. त्यांनी हात पुढे केला. इतका वेळ खांदे पाडून बसलेला माणूस ताठ झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"इंजिन बंद करा," ते म्हणाले. "स्पीकरवर टाक. कोण बोलतंय? आजी? नमस्कार. मी डॉक्टर उकिडवे. ओरडून बोला, मला कमी ऐकू येतं. दूध पितो? उलटी? पोट मऊ लागतं की टणक? ताप नाही? बरं. आता त्याचे सगळे कपडे काढा. सगळे म्हणजे सगळे. मोजेसुद्धा."

"थंडी वाजंल की हो," आई म्हणाली.

"वाजू दे. काढा."

होडी पाण्यावर निःशब्द तरंगत होती. तेवढ्यात भानुप्रतापने माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी कळवळले. समोरच्या उताराने, सोनेरी उन्हात, वाघीण सावकाश पाण्याकडे येत होती. एवढी जवळ की तिच्या खांद्याची हाडं हललेली दिसावीत. लोक ज्यासाठी लाखभर रुपये मोजतात, ते.

"सर," भानुप्रताप घोगऱ्या आवाजात पुटपुटला, "सर, टायगर!"

"एक मिनिट थांबा हो!" डॉक्टर खेकसले. "आजी, आता पायाचं प्रत्येक बोट वेगळं करून बघा. हाताचंही. आणि बाळाच्या आईला विचारा, तिचे केस गळतायत का?"

वाघिणीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि हा ओरडणारा प्राणी आपल्या कामाचा नाही असं ठरवून पाणी प्यायला लागली. फोनवर गडबड झाली. मग पल्लवीची किंचाळी ऐकू आली.

"डाव्या पायाचं बोट!" आई ओरडत होती. "सुजून निळं पडलंय हो! मोज्यात दिसलंच नाही! बुडाशी दोऱ्यागत काय तरी काचलंय!"

"केस आहे तो. आईचा गळलेला केस मोज्यात जातो आणि बोटाला फास बसतो. ओढू नका. तो आत रुतलेला असणार, घरी निघायचा नाही. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे जा. जाऊन सांगा, बोटाला केस गुंडाळलाय, कापून काढा. आणखी उशीर केला तर बोट जाईल. मोजा परत घालू नका. निघा."

फोन बंद झाला. डॉक्टरांनी तो मला परत दिला आणि आजूबाजूला बघितलं.

"काय हो, काहीतरी दाखवत होता तुम्ही?"

उतार रिकामा होता. भानुप्रतापचा चेहरा पडला होता. "निकल गई, सर," तो म्हणाला.

मी काकूंकडे पाहिलं. "तुम्ही तरी बघितलीत ना?"

"काय?" त्या म्हणाल्या. त्या वाघिणीकडे पाठ करून बसल्या होत्या. सगळा वेळ त्यांनी नवऱ्याकडेच बघितलं होतं.

आम्ही लॉजवर परतलो. डॉक्टर ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. रात्री उशिरा फोन वाजला. माझा हात सवयीने खिशात गेला, डॉक्टरांचाही गेला. माझा पडदा काळा होता.

"हॅलो, डॉक्टर उकिडवे!" त्यांनी सगळ्या डोहाला ऐकू जाईल असं सांगितलं.

आईच होती. विक्रांतने कुणाकडून तरी कराडला चौकशी करून नंबर मिळवला होता. केस कापून निघाला होता, बोट वाचलं होतं, आणि बाळ दूध पिऊन गाढ झोपलं होतं. हे सगळं आईने डॉक्टरांना सांगितलं. मला नाही.

आईला मी ओळखते. एखाद्या गोष्टीचा उपयोग कळला की ती स्वतःपुरती ठेवणं तिच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यालाच पहिला फोन आला, आमच्या शेजारच्या पाटलांच्या नातवाचा. मग पल्लवीच्या मावशीचा. मग पल्लवीच्या मावशीच्या शेजारणीचा. भानुप्रतापने माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं, मी मान हलवली, आणि तोही खिशातून मोबाइल काढून आपल्या मुलीच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो घेऊन डॉक्टरांपुढे उभा राहिला. दुपारपर्यंत सगळा लॉज आजारी होता.

संध्याकाळी बेटावरचं जेवण होतं. कंदील लागले होते. मोतिया रंगाचा टेबलक्लॉथ, फुलं, दोन खुर्च्या, पाण्यावर चंद्र. जसं मी कागदावर मांडलं होतं तसं, तसूभरही इकडचं तिकडे नाही. फक्त थोड्या अंतरावर सक्सेनांनी ऐनवेळी मांडलेल्या दुसऱ्या टेबलावर मुंबईचं एक नवविवाहित जोडपं होतं. सूप आलं, तेव्हा डॉक्टर टेबलावर होते. भाकरी आणि कोंबडीचा रस्सा आला, तेव्हा ते पाण्याच्या कडेला उभे होते, एका कानात बोट घालून.

"शी कशी होते?" ते विचारत होते. "मोठ्याने बोला! हिरवी की पिवळी? फेस आहे का?"

नवविवाहित मुलीने चमचा खाली ठेवला.

मी धावत टेबलापाशी गेले. "काकू, सॉरी. मी जाऊन सांगू का त्यांना? एवढं खास जेवण, सगळं गार होतंय."

"कुणाला सांगणार तू? बस इथे," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू जेवलीस का?"

मी बसले. काकूंनी वाढप्याला बोलावून एक रिकामं ताट मागितलं. ते त्यांनी नवऱ्याच्या भरलेल्या ताटावर पालथं घातलं, न बघताच, बोलता बोलता, आपण दार लोटून घेतो तसं.

वाढपी घुटमळला. "मॅडम, सर का खाना गरम करके लाऊँ? जब आएँगे तब?"

"नको रे बाबा," काकू म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. "गरम जेवायची त्यांना सवयच नाही."